गोजरबाईनं शोधलेली सवत

धाडच्या उकंडरावांची बायको गोजरबाई नागपुराहून परत आली, तेव्हा अख्खी आळी तिला पाहायला लोटली. त्या काळी वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, अन् मोठे दवाखानेही तिकडेच. छातीतली गाठ वाढायला लागली तसं उकंडरावांनी कुणाचं ऐकलं नाही. बैलगाडीनं मलकापूर अन् तिथून आगगाडीनं नागपूर गाठलं. डॉक्टरीणबाईनं गाठीबरोबर डावा स्तनच काढून टाकला. जीव वाचला. बायका म्हणाल्या, नशिबाची आहेस गोजर. गोजरबाई पदर घट्ट लपेटून नुसती मान हलवत होती.

खरी पंचाईत पुढे झाली. घरी येताच तिनं आपली वाकळ उचलली अन् धान्याच्या कोठीत टाकली.  लोक हसले तरी उकंडराव विहिरीवरून पाणी आणत, तिच्या पथ्याचं पाहत. पण पाण्याचा तांब्या द्यायचा तोसुद्धा बोटाला बोट लागणार नाही असा. गोजरबाईनं त्याचा एकच अर्थ लावला.

शेजारच्या अजीजुन्निसाआपा चोळ्या शिवायच्या. गोजरबाईसाठी त्यांनी डाव्या बाजूला सरकीकाढल्या कापसाची मऊ गादी घालून चोळी शिवायला घेतली होती. माप देता देता गोजरबाई म्हणाली, "आपा, मी ह्याहिच्यासाठी बाई पाहून राह्यली."

आपांची सुई थांबली. "बाई? म्हंजे सौत?"

"हाव. मी आता काय कामाची? माणूस चांगला हाये. त्याहिनं काऊन उपाशी राहावं?"

"त्याले पुसलं तू?"

"हे काय पुसाची गोष्ट हाये, आपा?"

"मंग पुसाची गोष्ट कोणती असते?" आपा म्हणाल्या. पण गोजरबाईचं ठरलं होतं.

माहेरचं निमित्त काढून ती उंद्रीला गेली. तिच्या चुलतबहिणीची लेक कोकिळा भर तारुण्यात विधवा होऊन बापाच्या घरी आली होती. त्यांच्यात विधवेचा मोहतूर, म्हणजे दुसरं लग्न, चालत असे. परसात तुरीच्या शेंगा सोलता सोलता गोजरबाईनं विषय काढला. कोकिळेनं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, मावसाले ठाऊक हाये?"

"सांगीन मी मंग."

"अन् मी तुह्या घरात आली, त तू कुठं निजशीन?"

"कोठीत. निजूनच राह्यली ना आताही."

कोकिळेनं सूप बाजूला सारलं. "मले संसार पाहिजे, मावशी. खोटं नाही सांगत. पण तुह्या रडण्यावर मांडलेला नको."

"मी कुठं रडून राह्यली?" गोजरबाई म्हणाली, पण तिचा आवाज असा फाटला की कोकिळा उठून पाणीच घेऊन आली.

बोलणं तिथंच संपायचं. पण कोकिळेचा बाप किसनराव कुडामागून ऐकत होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो धाडच्या बैलबाजारात उगवला अन् चारचौघांत उकंडरावांना मिठी मारून म्हणाला, "जावईबापू!"

भर दुपारी उकंडराव घरी आले. दार लोटून घेत म्हणाले, "बैल विकाले गेलो होतो, सासरा घेऊन आलो."

गोजरबाई चुलीपुढून उठली. 

"मी काय घरातली पायली हाये काय, उसनी द्यायले? मले एका शब्दानं पुसलं नाही!" ते कडाडले.

"काय पुसू?" ती एकदम उसळली. "तुमी मले हात लावत नाही!"

हे ती कधी बोलेल असं तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं. उकंडराव चुलीपाशी बसले. म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, जखमेले धक्का लागू देऊ नका. कवापर्यंत ते नाही सांगतलं. अन् मले पुसाची लाज वाटली. बाईमाणसाले असं कसं पुसावं?"

"पावसाळा गेला, हिवाळा आला, अन् तुमाले लाजच वाटून राह्यली?"

"तू कोठीत गेली. मले वाटलं, तुलेच मी जवळ नको."

गोजरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं अन् चोळीची गाठ सोडली. उकंडरावांची नजर क्षणभर व्रणावर पडली अन् भिंतीकडे वळली.  तिनं पदर ओढला, तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. एक डाव भेव वाटलं. खोटं कायले बोलू? पुन्हा पाहू दे."

या खेपेला ते पाहत राहिले. काखेपासून बरगडीपर्यंत उतरलेला तो आडवातिडवा व्रण.

"दुखते?"

"इथं बधिर हाये. इथं वढते. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही."

"अन् मले सांगतलंही नाही!"

त्यांनी तेलाची वाटी आणली अन् तिचा खांदा चोळायला घेतला. इथं नको, इथं हळू, हाव, इथं बरं वाटते, असं ती सांगत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्याला काय बरं वाटतं हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

मग एकाएकी आठवून ती म्हणाली, "अन् सासरा कुठं हाये तुमचा?"

"पारावर बसवून आलो. जिलबी खाऊन राह्यला." अन् गोजरबाईला हसू फुटलं ते आवरेचना.

वाकळ कोठीतून बाहेर आली. सगळेच दिवस सारखे नव्हते. कधी ती पाठ करून निजे, तेव्हा ते नुसता पाठीवर हात ठेवत. कधी तीच कूस वळवी. कोकिळेनं त्या उन्हाळ्यात रोहिणखेडच्या एका शेतकऱ्याशी मोहतूर लावला, पण आधी त्याला समोर बसवून हवं ते सगळं विचारून घेतलं. 

पुढं एकदा शेजारच्या गावाहून सत्यभामा नावाची बाई नवऱ्याला घेऊन आली. तिलाही गाठ होती, नागपूरला जायचं होतं, अन् ती भीतीनं अर्धी झाली होती. गोजरबाई तिला आत घेऊन गेली अन् दार लावून चोळी सोडली. "पाह्य, हे असं असते. हात लावून पाह्य."

बाहेर उकंडरावांनी तिच्या नवऱ्याला गोठ्यात नेलं. "डॉक्टरीणबाईले सारं पुसून घेजो," ते म्हणाले, "लाज वाटली तरी पुस. मी नाही पुसलं, त माह्या बायकोनं माहा मोहतूर ठरवला होता."