ठेवू नकोस, आले

एका हाकेला ओ देईल ती सून कसली. प्रभावतीबाईंनी तिसरी हाक मारली, तीही कराडच्या त्यांच्या गल्लीत पाचव्या घराला ऐकू जाईल अशी, आणि संपदा पाठमोरी तशीच बसलेली. दोन्ही कानांवर हेडफोनच्या काळ्या वाट्या पालथ्या घातलेल्या, समोर लॅपटॉप, टेबलाखाली उजव्या पायाशी एक काळं पायडल. डाव्या पायानं अकरा महिन्यांच्या शर्वची झुलती खुर्ची हलवणं चालू. पोराला पाय, कामाला हात आणि सासूला पाठ.

प्रभावतीबाईंनी जाऊन तिच्या खांद्याला बोट लावलं. "कुकर उतरवू का, विचारतेय मी मघापासून."

संपदानं एक वाटी अर्धी सरकवली. "पाच मिनिटं, आई. एक आजी बोलतायत."

"मग मी कोण आहे?"

तोवर वाटी परत कानावर गेली होती.

टोकियोतल्या ओजिमाच्या या सरकारी इमारतीत, आठव्या मजल्यावर, प्रभावतीबाईंना येऊन अडीच महिने झाले होते. परतायला अकरा दिवस उरले होते. लेक उल्हास सकाळी सातला जायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. चार वर्षांच्या अनयाला आजीनं घास पुढं केला की ती 'यादा' म्हणायची. यादा म्हणजे नको. नको म्हणायलासुद्धा पोरीला आजीची भाषा नको. राहता राहिली संपदा, तर तिचे कान दुसऱ्यांना दिलेले.

काम काय, तर पुण्यातली कुठलीशी संस्था गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायची आणि ते रेकॉर्डिंग हिच्याकडे यायचं. पायडल दाबून ऐकायचं, सोडून थांबवायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. म्हातारी खोकली तर कंसात खोकला. गप्प बसली तर किती सेकंद गप्प बसली ते.

"गप्प बसलेलं पण लिहायचं?" प्रभावतीबाईंनी एकदा विचारलं होतं.

"त्यालाच जास्त वेळ लागतो, आई."

कोण कुठल्या बायका, त्यांनी कधी जात्यावर बसून काय सोसलं ते ही टोकियोत बसून ऐकणार. आणि घरात एक धडधाकट म्हातारी मेथीची जुडी घेऊन बसलेली, तिला 'पाच मिनिटं'. बरं, काम तरी करावं. रोज दुपारी जेवण उरकलं, की संपदा वाट्या कानाला लावून मिनिटभर नुसती बसायची. बोटसुद्धा हलायचं नाही. मग एकदम भानावर येऊन खडखड टाइप करायला लागायची. प्रभावतीबाईंनी हे पुरतं हेरून ठेवलं होतं. म्हणे काम.

रविवारी त्यांनी लेकाला गॅलरीत गाठलं. "बंद कर तिचं हे. पोरं लहान आहेत. बाई घरात असून नसल्यासारखी."

"बघ ना, शुक्रवारी तिला कळवायचंच आहे, पुढच्या वर्षी करणार की नाही ते," उल्हास कपडे वाळत घालता घालता म्हणाला. "तू म्हणतेस तर नाही म्हणू दे. मी शुक्रवारी लवकर येऊन बोलतो तिच्याशी."

आज शुक्रवार होता.

दुपारची जेवणं झाली, शर्व झोपला, संपदा वाट्या लावून बसली, आणि तेवढ्यात अनयाच्या पाळणाघरातून फोन आला. संपदा दोनदा वाकून 'हाय, हाय' म्हणाली. जपानीत होकार द्यायचा तरी हायच म्हणतात, हे प्रभावतीबाईंना आता पाठ होतं.

"ताप आलाय तिला. सदतीस पॉइंट पाच. लगेच न्यायला बोलावलंय."

"सदतीस हा काय ताप झाला? आमच्याकडे सदतीसला माणूस गार पडलेलं असतं."

"इथलं माप वेगळं आहे, आई. अर्ध्या तासात येते. शर्व उठला तर बाटली तयार आहे." सायकलची किल्ली घेऊन ती गेलीसुद्धा.

घर चिडीचूप झालं. लॅपटॉप उघडाच होता. वाट्या टेबलावर, पायडल टेबलाखाली. प्रभावतीबाईंची नजर पायडलवर गेली. पाय आणि पायडल, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन मारलं होतं. आख्ख्या गल्लीची पोलकी आणि परकर शिवले होते, आणि उल्हास रांगता असताना जुन्या लुगड्याच्या पट्टीनं त्याला मशीनच्या पायाला बांधून ठेवला होता. तो रडायचा. 'एवढी शिवण संपू दे रे,' म्हणायच्या त्या, मान वर न करता.

बघू तरी, कोण आजी एवढी लागून गेलीय. त्या खुर्चीत बसल्या, वाट्या कानाला लावल्या आणि पाय दाबला.

"हॅलो. संपे?"

प्रभावतीबाईंचा पाय उचलला गेला. आवाज थांबला. हा आवाज गावोगावच्या बायकांतला नव्हता. हा मिरजेचा, विमलताईंचा होता. त्यांच्या विहिणीचा. विमलताईंना जाऊन वर्ष उलटलं होतं.

त्यांनी हळूच पुन्हा पाय दाबला. पायडल असं, की आवाज जरा मागं जाऊन पुन्हा सुरू व्हायचा.

"...संपे? बोल की गं. जेवलीस का?"

मग नुसतीच खरखर. पलीकडून कुणी बोलत नव्हतं. बोलणार कसं? हा फोन नव्हताच. व्हॉट्सॲपवरचं माइकचं चित्र दाबून वर सरकवायचं, की रेकॉर्डिंग चालूच राहायचं, आणि फोन लागला समजून बोलत सुटायचं, ही चूक प्रभावतीबाईंनीही महिनाभर केली होती. उल्हासनं हसून ते सगळे निरोप पुसून टाकले होते.

"ऐकू येत नाही वाटतं तुला. थांब, शिट्टी झाली. गॅस बंद करून येते. ठेवू नकोस, आले."

सपातांचा आवाज लांब गेला. झाकणी वाजली. कुठंतरी नळ सुरू झाला. प्रभावतीबाई खुर्चीत ताठ बसून राहिल्या. आता येतील, म्हणून. कुणी आलं नाही. रेकॉर्डिंग संपलं.

पडद्यावर मराठीत लिहिलेलं होतं. तिसरीपर्यंतचं शिक्षण, त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. विमल: हॅलो. संपे? कंसात, शांतता, दोन सेकंद. विमल: बोल की गं. जेवलीस का? कंसात, शांतता, तीन सेकंद. खाली कंसात, कुकरची शिट्टी. सगळ्यात शेवटी, कंसात, पावलं दूर जातात. शांतता, एकोणीस सेकंद.

त्या तीन सेकंदांच्या शांततेखाली एक ओळ होती. संपदा: जेवले, आई.

प्रभावतीबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग वाट्या गळ्यात घसरू दिल्या.

विमलताई गेल्या तेव्हा संपदाला सातवा सरत आला होता. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. कराडहून फोन केला तो प्रभावतीबाईंनीच. "रडायचं नाही. पोटातल्याला लागतं. माझी आण आहे." पलीकडून एवढंच आलं होतं, "हो, आई." पुढं बाळंतपण झालं, बारसं झालं, कुणी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नाही. प्रभावतीबाई गल्लीत सांगत फिरल्या होत्या, आमची सून वाघीण आहे म्हणून.

दार वाजलं. अनयाला कडेवर घेऊन संपदा आत आली. पोरीचे गाल लाल झाले होते. सासूच्या गळ्यातल्या वाट्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती तिथंच, एका पायात बूट असताना, थांबली.

"आई, ते... कामातलं नाही ते. एकच मिनिट ऐकते मी रोज. कामाच्या वेळेतलं नाही."

"हिशेब मागितला का मी?"

त्यांनी उठून अनयाला घेतलं. 'यादा,' पोर पुटपुटली आणि आजीच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प झाली.

"आज कळवायचंय ना तुला त्या पुण्याच्या लोकांना? हो म्हणून कळव. उल्हास आला की त्याचं मी बघते."

"आई, तुम्हीच तर—"

"म्हटलं होतं मी. आता हे म्हणतेय." त्यांनी गळ्यातल्या वाट्या काढून तिच्या हातात दिल्या. "बस. दोन्ही पोरं घेऊन मी आतल्या खोलीत जाते. दार लावून घेते."

"चारपर्यंत एका आजींची फाइल द्यायची आहे."

"पाचला दे. ती बाई एवढी वर्षं थांबली, अजून तासभर थांबेल."

संपदा खुर्चीत बसली. वाट्या मांडीत होत्या. डोळे कोरडेच. सवयीनं तिचा उजवा पाय पायडल चाचपत होता. अनयाला खांद्यावर घेतलेल्या प्रभावतीबाईंनी शर्वची खुर्ची एका हातानं दारापर्यंत ओढत नेली, आणि उंबऱ्याशी थांबून मागं वळून बघितलं.

"जन्मात माझं एक म्हणून ऐकलं नाहीस, संपदा," त्या म्हणाल्या. "आणि ऐकलंस ते नेमकं जे ऐकायचं नव्हतं तेवढंच."