गुलाबी ठिपक्यांचे सहा स्कार्फ

मी सरकारी खर्चानं आरोपींची वकिली करते. लोकअभिरक्षक हे माझ्या पदाचं नाव इतकं भारदस्त आहे की ते उच्चारेपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. म्हणून मी नुसतं "शर्मिला, फुकटातली वकील" असं सांगते. फुकट म्हटलं की पुण्यात निदान दोन मिनिटं तरी ऐकून घेतात.

भाग्यश्रीला माझ्याकडे पाठवलं ते न्यायाधीश बाईंनी. ही मुलगी वाशीमकडची. हिंजवडीतल्या एका कंपनीत साफसफाईच्या टीमची सुपरवायझर. चोरीचा आरोप होता आणि ती कोर्टात उभी राहून "कबूल आहे" म्हणायच्या बेतात होती. बाईंनी तिला मध्येच थांबवलं. आधी वकिलाला भेट, मग काय ते बोल, म्हणाल्या.

"मॅडम, मले कबूल करून टाकू द्या ना," ती माझ्यासमोर बसल्या बसल्या म्हणाली. "सारे म्हणतेत, एकाच तारखेत मोकळी होशीन."

"चोरी केलीस का?"

"नाई जी."

"मग कबूल काय करणार, कपाळ?"

मी जरा चिडकीच आहे. पण खरं सांगते, तिनं चोरी केली की नाही हे त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. माझं काम त्यावाचून अडत नाही. कंपनीनं मात्र तिला स्पष्ट सांगितलं होतं, निर्दोष सुटलीस तर ये, नाहीतर येऊ नकोस. कबुलीनं तारखा संपल्या असत्या, पण त्याबरोबर नोकरीही संपली असती. हे कुणी तिला समजावून सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लढा मंग."

प्रकरण असं होतं. शनिवार पेठेत मोघ्यांचं पूजेच्या भांड्यांचं दुकान आहे. भाग्यश्रीनं सकाळी तिथून तांब्याचा गडू घेतला आणि बिलावर आपला मोबाइल नंबर दिला. दुपारी स्कार्फ बांधलेली एक बाई आली, चांदीच्या निरांजनांची जोडी बघते म्हणाली आणि मोघ्यांची पाठ वळताच जोडीसकट पसार झाली. मोघे म्हणाले, सकाळचीच बाई. पोलिसांनी बिलावरचा नंबर फिरवला. चोरी करायला येणारी बाई आधी आपला नंबर लिहून देते, हा शोध कुणालाच खटकला नाही.

साक्षीच्या दिवशी मोघे मला कोर्टाच्या व्हरांड्यातच भेटले.

"चोराला वकील, तोही सरकारी पैशानं. मला रिक्षाचं भाडंसुद्धा कुणी देत नाही."

"काका, ती चोर आहे का, हे ठरवायलाच तर आपण सगळे जमलोय."

"माझं ठरलंय," ते म्हणाले आणि आत गेले.

पिंजऱ्यात मोघे ताठ उभे राहिले. मी विचारलं, "चेहरा दिसला होता?"

"स्कार्फ होता. गुलाबी, पांढऱ्या ठिपक्यांचा. वर गॉगल, अंगात सनकोट."

"मग ओळखलंत कसं?"

"चाळीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. गिऱ्हाईक चालीवरून ओळखतो. उभ्या पुण्यात चालायला लावा, तिला बरोबर काढून दाखवीन."

मला एवढंच हवं होतं. तक्रारीतलं वर्णन वाचून आदल्या दिवशी मी तुळशीबागेतून तसेच सहा स्कार्फ आणले होते. विकणारा म्हणाला होता, ताई, या डिझाइनचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत उरत नाही. मी ते सहा स्कार्फ टेबलावर ठेवले आणि भाग्यश्रीसकट सहाजणींना ते बांधून मोघ्यांसमोर चालवायची न्यायाधीश बाईंकडे परवानगी मागितली. सरकारी वकील रणजित सरांना हरकत विचारली गेली. ते खुशीत होते. "आमचा साक्षीदार पक्का आहे. हवी तर माझी ज्युनिअर घ्या," म्हणत त्यांनी मैत्री नावाच्या आपल्या ज्युनिअरला पुढे केलं.

माझी ज्युनिअर ऋतुजा होतीच. बाररूममधून आणखी तिघी आल्या. सनकोट-गॉगलांची अडचण नव्हती, दुचाकीवरून आलेल्या प्रत्येकीच्या डिकीत एकेक होता, आणि भाग्यश्रीला एकीनं आपली दुसरी जोडी दिली. मोघ्यांना बाहेर पाठवून सहाजणी तयार झाल्या. पाचव्या मिनिटाला माझ्यासमोर तोंड बांधलेल्या स्कूटरवाल्यांचा, रविवार सकाळचा कर्वे रस्ता उभा होता. त्यांतली भाग्यश्री कोणती, हे मलाही सांगता येईना. मोघ्यांनी तिच्यावरच बोट ठेवलं तर मीच तिला बुडवली असती.

मोघे आत आले. सगळ्यांना चालायला लावलं. चष्मा पुसला. पुन्हा चालायला लावलं. मग चौथीसमोर थांबले.

"हीच. शंभर टक्के. ही चाल मी विसरणार नाही."

चौथीनं स्कार्फ सोडला. मैत्री होती.

कोर्ट हसलं. बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही. रणजित सर फाइलमध्ये डोकं घालून बसले. मैत्री बिचारी म्हणत राहिली, "सर, मी त्या दिवशी औरंगाबादला होते, खरंच."

मोघे मात्र हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. बाईंनी विचारलं, "आता काय म्हणणं आहे?"

"माझी ओळख चुकली, असं लिहून घ्या," ते म्हणाले. "आणि पूर्ण लिहा. अर्धवट लिहिलेलं मला चालत नाही. या मुलीला मी सकाळी पाहिलं होतं. दुपारी कोण आलं, मला माहीत नाही."

त्या क्षणी मला तो म्हातारा फार आवडला. खोटं रेटून न्यायला त्याला काहीच लागलं नसतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. निर्दोष. भाग्यश्रीनं तिथेच पायऱ्यांवरून कंपनीतल्या मॅडमना फोन लावला. स्पीकर चुकून सुरू होता.

"अरे वा, सुटलीस एकदाची!" पलीकडून आवाज आला.

"सुटले म्हनू नका, मॅडम," ती म्हणाली. "म्या केलंच नव्हतं. कोर्टानं तसं लिवून देल्लं हाय. कागद घिऊन उद्या सकाळी येते, पयल्या शिफ्टले."

पायऱ्यांवरचे चारपाच लोक वळून बघायला लागले. तिनं आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.