शिखराच्या अलीकडून

हिमालयातल्या लाहौलहून परतल्यापासून मंदाचा पाय घरात ठरेना. बोईसरच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. कामाची पाळी संपली की केळव्याला यायचं, वाडीतल्या माडांना पाणी सोडायचं, आणि सुट्टीच्या दिवशी सरावासाठी पाठपिशवीत किनाऱ्यावरच्या वाळूचं वजन भरून पालघरच्या काळदुर्गावर चढायचं, हाच तिचा क्रम.

"मंदे, तुला पाय हायत का चाकं?" आई, म्हणजे माई, करवादायची. "हिमालय बघून आलीस. आता काय रायलं?"

राहिलं होतं ते शिखर.

त्या उन्हाळ्यात, शहाऐंशी साली, ती आणि चंद्रभान एका दोराला बांधलेले होते. चंद्रभान पालघरचा, एसटीत मेकॅनिक. सह्याद्रीतले कितीतरी कडे दोघांनी मिळून चढलेले. वाट नसलेल्या खोऱ्यातून तंबू, स्टोव्ह, शिधा पाठीवर वाहत ते वर पोचले होते. मोहिमेतली बाकीची मंडळी खालच्या तळावर थांबलेली. त्या सकाळी आभाळ लख्ख होतं. शिखर इतकं जवळ, की माथ्यावरून उडणारा हिमाचा भुरका दिसत होता.

तेवढ्यात दोराला ओढ बसली. मंदाने वळून पाहिलं. चंद्रभान बर्फात बसला होता, खोकत होता, आणि ओठांवर गुलाबी फेस आला होता. उंचीवरच्या विरळ हवेने त्याच्या छातीत पाणी भरलं होतं.

"तू जाऊन ये," तो धापा टाकत म्हणाला. "मी हितंच बसतो."

मंदा वर पाहत राहिली. कमरेला बांधलेल्या दोराच्या गाठीवर हात गेला. मग तिने पाठपिशवी तिथेच टाकली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उतरवायला लागली. जसजसे खाली आले तसतसा त्याचा श्वास मोकळा होत गेला. तो वाचला.

सोबत्याचा जीव वाचवला म्हणून गावाने तिला शाल-श्रीफळ दिलं. कौतुकाचा एकेक शब्द तिला टोचत होता. चंद्रभान दिसला की ती रस्ता बदलायची.

एका रविवारी तो काळदुर्गाच्या पायथ्याशीच तिची वाट पाहत बसलेला दिसला.

"मला टाळतेस."

"नाय."

"मंदा."

"राग येतो तुझा!" ती एकदम म्हणाली. "जगलास याचा आनंद हाय, तरी राग येतो. आदल्या दिवसापासून खोकत होतास ना? बोलला का नायस?"

"बोललो असतो तर तू तिथूनच फिरवलं असतंस. मलापण वर जायचं होतं. तुझ्याएवढंच."

तो माफी मागेल असं तिला वाटलं होतं. हे उत्तर ऐकून ती थबकली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

"डॉक्टरांनी मला उंचावर जायला कायमचं बंद केलंय," तो म्हणाला. "तू जा. न खोकणारा गडी बघ."

पुढच्या उन्हाळ्यात ती पुण्याच्या मंजुळा नावाच्या गिर्यारोहक मैत्रिणीबरोबर त्याच शिखरावर गेली. दोघी माथ्यावर पोचल्या तेव्हा सगळीकडे ढग होते. मंजुळा बसली, गूळपोळी काढली. तेवढ्यात ढग फाटला आणि उत्तरेला एक धारदार सुळका उघडा पडला.

"तो कुठला गं?" मंदाने विचारलं.

"कोण जाणे. आधी बस, खा काहीतरी."

मंदा घास हातात धरून उभीच राहिली. ढग पुन्हा मिटला, तरी ती तिकडेच बघत होती.