बिनचावीचं घड्याळ

"शोधा, चावी शोधा! सापडली तर हे मनगट कापून देईन!"

कालनाथबाबांनी घड्याळ बांधलेला हात उंचावला आणि लालबागच्या त्या चाळीचं अंगण अवाक् झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाहून परतलेले गिरणीकामगारही फलक भिंतीला टेकवून पुढं सरकले.

"घड्याळ बनवलं विलायतेनं, पण चालवतं कोण? माझा प्राण! चार महिने चावी नाही की खंड नाही!"

गर्दीत जयवंत उभा होता. राहायला याच चाळीत, घड्याळदुरुस्तीचं दुकान गिरगावात. ती चावी त्यानंच काढली होती. हाच बाबा साध्या सदऱ्यात दुकानात आला होता, "मनगटाला टोचते" म्हणाला होता. जयवंतनं मागचं झाकण उघडून बारीक स्क्रू सैल केला, चावी दांडीसकट ओढून घेतली आणि भोक बुजवून दिलं.

आता त्याला हसू आलं. आपल्याला काय करायचंय, म्हणून तो गप्प राहिला.

तेवढ्यात बाबांनी क्षयानं खंगलेल्या भिवाच्या मनगटावर ते घड्याळ बांधलं. "हे चालेल तोवर तुझा श्वास चालेल. सुया बंद!"

जयवंत तरीही बोलला नाही. एवढ्या लोकांसमोर बाबाच्या विरोधात कोण उभं राहणार?

भिवाचं इंजेक्शन बंद झालं. दोनेक आठवड्यांनी त्याच्या बायकोनं, कालिंदीनं, आल्यागेल्याचा हात लागून घड्याळाला विटाळ नको म्हणून ते देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं. भिवानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पेजही नाकारली. बाबांना बोलवायला गेलेला माणूस परत आला. बाबांनी बिऱ्हाड हलवलं होतं.

जयवंतला हे कळलं. हत्यारं घेऊन तो भिवाच्या खोलीत शिरला. दारात शेजारी जमले होते.

"भिवा, इकडं बघ." त्यानं देव्हाऱ्यातलं घड्याळ घेऊन झाकण उघडलं. आत अर्धचंद्रासारखं एक वजन होतं. "हात हलला की हे फिरतं आणि आतली स्प्रिंग आवळतं. याला रोज चावी द्यावीच लागत नाही. देव्हाऱ्यात कोण हलवणार? म्हणून बंद पडलं." त्यानं घड्याळ हलवलं. सेकंदकाटा पळू लागला. "चावी मी काढली. माझ्या हातानं."

कालिंदी पुढं आली. "भावोजी, त्या दिवशी तुम्ही अंगणात होता ना?"

"होतो."

"मग बोलला का नाही?"

जयवंतनं हत्यारं बाजूला सारली. त्यानं भिवाला पाठीला आधार देऊन बसवलं, पेज पाजली आणि दुपारी टॅक्सीनं इस्पितळात नेलं. सतरा दिवसांचा खंड पडला होता. "बरा होईल," डॉक्टर म्हणाले, "पण आता जास्त दिवस लागतील."

संध्याकाळी जयवंतनं स्वतःच चाळीला अंगणात बोलावलं. झाकण काढलेलं घड्याळ त्यानं हातोहात फिरवलं. ज्यानं त्यानं हलवून पाहिलं.

"पुढं कुणी चमत्कार दाखवला तर आधी उघडून दाखवायला सांगा," तो म्हणाला. "दाखवत नसेल तर त्याच्या शब्दावर औषध सोडू नका. आणि आतलं ज्याला ठाऊक आहे, त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये."