जीभ वर कर

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला मोजमापाची सवय असणारच. याला तर खोडच होती. लेकीला, भिंगरीला, चौथ्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून पाच वर्षं तो तिचा घासन् घास काट्यावर ठेवी, त्या हिशेबाने इन्सुलिन टोची, आणि साखर निमूट ताब्यात राही.

गेल्या दोन महिन्यांत मात्र सगळं गणित बोंबललं. जेवून तास होतो न होतो तोच पोरीला दरदरून घाम, हात लटपट, साखर खाली. त्याने काटा तीनदा तपासला. चोख! इन्सुलिन घेऊन पोटात अन्न गेलं नाही, तरच साखर अशी पडते. मग लबाड कोण? पोरगी, दुसरं कोण!

"शाळेतला डबा कुठं टाकतेस?"

"बाबा, मी खाल्ला. शप्पथ!"

"काटा खोटं बोलत नाही."

शनिवार-रविवार तो तिला समोर बसवून भरवू लागला. जेवण झालं की हुकूम, "आ कर. जीभ वर कर." तरी साखर घसरलीच. मग त्याने ठरवलं, ही नंतर ओकून टाकते. न्हाणीघराची कडी काढून टाकली. बायको म्हणाली, "तुमचा तो काटा एकदा स्वतःच्या डोक्याला लावून बघा." पण ऐकतो कोण! भिंगरीने शपथा घेणं सोडून दिलं.

शेवटी डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, मग पोटात दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला.

"सिलिअॅक आहे," त्या म्हणाल्या. "गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्याला सोसत नाही. अस्तर झिजलंय. ही खाते सगळं, पण ते रक्तात नीट उतरत नाही, आणि इन्सुलिन मात्र आपलं काम करून मोकळं होतं. टाइप वनच्या मुलांमध्ये हे जास्त आढळतं. म्हणून तर अधूनमधून तपासणी करा म्हटलं होतं ना?"

म्हटलं होतं. पोट दुखत नाही, उगाच आणखी एक सुई कशाला, म्हणून दोन वर्षं त्यानेच टाळलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरातून गहू गेला. पहिल्या दुपारी भात आणि अंडं वाढताना तो म्हणाला, "भिंगरे, चुकलं माझं. तू खरं बोलत होतीस."

"हं," ती म्हणाली.

तिने शीतन् शीत संपवलं. ताट विसळलं. मग त्याच्यापुढे येऊन तिने आ केला आणि जीभ वर केली.

"नको गं," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

त्याने बघेपर्यंत ती तशीच उभी राहिली.