परत येणारं मशीन

मिस्त्रीणबाईंनी मशीन पहिल्यांदा विकलं तेव्हा त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मिस्त्री गेले आणि मागच्या शेडमध्ये त्यांचं वेल्डिंगचं मशीन तसंच पडून राहिलं. कपाटाएवढं धूड, खाली लोखंडी चाकं, पुढे करंट कमीजास्त करायचं चक्र. लेक म्हणाली, "आई, विकून टाक ते. गेलं की थ्री फेजचं मीटरही काढून टाकू आणि शेड भाड्याने देऊ." जावयाने मोबाइलवरून जाहिरात टाकली. त्या मशीनला साधी घरगुती वीज पुरत नाही, थ्री फेजचं कनेक्शनच लागतं, एवढं लिहायचं मात्र राहून गेलं. जावई कापडाच्या दुकानात कामाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

पहिलं गिऱ्हाईक आठवडा व्हायच्या आत टेम्पो घेऊन परत दारात हजर. "बाई, चांगलंच बनवलंत हो मला! बटण दाबलं आणि फाडकन फ्यूज उडाला. अख्ख्या गल्लीत अंधार! शेजाऱ्यांनी मला मारायचंच काय ते बाकी ठेवलं!"

बाई ओशाळल्या. त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले, मशीन शेडमध्ये ढकलून घेतलं. तो गेल्यावर वाटलं, या गोंधळात मशीनला काही इजा तर झाली नाही ना? म्हणून वायर जोडून मेन स्विचचा दांडा वर केला. मशीन घुमायला लागलं.

शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. ती घूं घूं सुरू झाली की फळीवरचे डबे एकमेकांना लागून बारीक किणकिणायचे. ते किणकिणले म्हणजे हे पलीकडे आहेत, कामात आहेत, आता हाक मारून उपयोग नाही, हे बाईंना संसारभर पाठ झालेलं. मिस्त्री गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. त्या संध्याकाळी डबे किणकिणत राहिले आणि बाईंच्या पोटात दोन घास सुखाने गेले. पाठ टेकली आणि डोळा लागला.

त्यानंतर जे केलं ते मात्र जाणूनबुजून.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव होता तर ठेवून घ्यायचं मशीन, विकायचं नाटक कशाला? अहो, पण लेक कुठे ऐकतेय! एकदा तिने मनावर घेतलं की घेतलं. आणि खरं सांगायचं तर नुसतं पडून असलेलं मशीन वेगळं आणि परत आलेलं वेगळं. मिस्त्री बाहेरच्या कामावर मशीन घेऊन जायचे तेव्हा परतताना टेम्पो असाच दारात येऊन थांबायचा. बाईंना तो आवाज पुन्हा पुन्हा हवा होता. त्याची चटकच लागली म्हणा ना.

मग बाई गिऱ्हाईक पारखायला शिकल्या. गोड बोलून विचारायच्या, "दुकान घराला लागूनच का? वा, बरं पडतं. मीटर एकच असेल मग?" मीटर एकच, म्हणजे घरगुती. असं गिऱ्हाईक दिसलं की भाव पाडून देऊन टाकायच्या. एक ग्रिल बनवणारा नेऊन शिव्या घालत परत आला. एक पत्र्याच्या टाक्या करणारा आला, तोही हातवारे करत. बाई खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायच्या आणि आत जीव कसा हरखून जायचा. उलट एका वर्कशॉपवाल्याने दारातच विचारलं, "थ्री फेज आहे ना हे?" तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. "काय सांगू भाऊ, आतून जळलंय म्हणतात." तो आल्या पावली गेला.

"आई, तू लोकांना थ्री फेजचं सांगत का नाहीस गं?" लेक वैतागायची.

"विसरते. वय झालं."

"वय झालं म्हणे! दूधवाल्याने परवा अर्धा लिटर कमी घातलं ते बरं आठवतं!"

परत आलं की बाई आधी मशीन पुसायच्या. कोणी चक्र फिरवलेलं असायचं, ते मिस्त्री ठेवायचे तिथे आणून ठेवायच्या. मग दांडा वर, शेडला कुलूप आणि किल्ली कमरेला. एका दुपारी त्या भाजी चिरत होत्या. भिंतीपलीकडे मशीन आपलं घुमत होतं. अचानक आवाज जड झाला, खाली उतरला. रॉड लोखंडाला टेकला आणि काम सुरू झालं की जसा व्हायचा, तस्साच. डबे खडखडले. डोक्यावरचा दिवा मंदावला. जळक्या रॉडचा वास भिंतीतून आला की बाईंच्या मनातून, देव जाणे. किल्ली तर कमरेलाच होती.

बाई घाबरल्या नाहीत. घाबरायचं कुणाला, घरच्याच माणसाला? सुरी खाली ठेवून त्या भिंतीला म्हणाल्या, "आटपा हो आता. जेवण गार होतंय." थोड्या वेळाने आवाज पुन्हा हलका झाला. बाईंनी दोन ताटं वाढली आणि मग मात्र त्यांना रडू आवरेना.

त्यानंतर आला तो शेवटचा. कारखान्यातली नोकरी सुटलेला, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला भिडस्त माणूस. घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करणार होता.

"लाइट आहे ना तुमच्याकडे?" बाईंनी चाचपून विचारलं.

"आहे की, काकू. नवीन बल्ब लावलाय."

बाईंना हसू दाबावं लागलं. याच्यासारखं गिऱ्हाईक शोधून सापडलं नसतं! त्याने भावही केला नाही. जाताना मशीनवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "तुमच्या माणसाची वस्तू आहे. जपून वापरेन." सांगून टाकावं, बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण येईलच की चार दिवसांत परत, असं मनाशी म्हणून त्यांनी ते गिळलं.

चार दिवस गेले, पंधरा गेले. रस्त्यावर टेम्पो वाजला की बाई हातातलं टाकून दाराशी. लेक खूश. "बघ, मिळालं की नाही चांगलं गिऱ्हाईक! आता मीटरचा अर्ज देऊन टाकते."

"थांब गं जरा. परत आणलं तर?"

"कशाला आणेल परत?"

घरात डबे गप्प होते. बाईंच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी चपला पायात सरकवून त्या विचारत विचारत त्याच्या घरी गेल्या.

पुढच्या खोलीत तो एका खुर्चीला नटबोल्ट आवळत बसला होता. मशीन कुठेच नव्हतं. बाईंना बघून तो धडपडत उठला, स्टूल पुढे केलं.

"मशीन कुठाय?" बाई उभ्याच.

त्याने मान खाली घातली. "काकू, तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. ते मेलेलंच निघालं."

"म्हणजे?"

"लावलं की नुसतं कण्हायचं, आजारी माणसासारखं. ठिणगी म्हणून पडेना. दोन दिवस खटपट केली. मग बायको म्हणाली, बंद करा हो ते, ऐकवत नाही."

"मग परत का नाही आणलंत?" बाईंचा आवाज चढला.

"कसं आणणार? तुमचं माणूस गेलेलं. तुमच्या दारात उभं राहून पैसे परत मागायचे, जिवावर आलं माझ्या. म्हटलं, जाऊ दे, आपलंच नशीब. भंगारवाल्याला दिलं. त्याने इथेच अंगणात घणाने फोडलं. तांबं तेवढं निघालं."

बाई स्टुलावर बसल्या. त्याने धावत जाऊन पाणी आणलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"धडधाकट होतं हो ते," त्या म्हणाल्या. "थ्री फेज लागायचं त्याला. तुमच्याकडे ते नाही."

त्याला समजायला वेळ लागला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत, काकू? मी कुठूनही सोय केली असती."

बाईंनी दारातून अंगणाकडे पाहिलं. ते स्वच्छ झाडलेलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही भांडायला याल," त्या म्हणाल्या. "सगळे आले होते."