खाली ठेवलेली कोयती

मित्रांनो, कोपरखैरणे गावात गोटीरामच्या घरी दारामागे खिळ्याला जी गंजलेली कोयती लटकते आहे, ती मी. माझी मूठ सैल झाली आहे आणि धार दोन ठिकाणी तुटली आहे.

मी मार खाऊनच जन्मले. पनवेलच्या एका लोहाराने मोडक्या ट्रकचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी, आणला, तापवून लाल केला आणि ऐरणीवर धरला. त्याची बायको वरून घण घालत होती. नंतर त्याने मला पाण्यात बुडवले, तेव्हा मी किंचाळले. गोटीरामची बायको मालती हिने मला बाजारातून घरी आणले. तिच्या हातात मी माशांची डोकी उडवली, नारळ फोडले, बांधावरची झुडपे तोडली. काम झाले की ती मला पुसून खोबरेल लावी.

त्या घरात एक नियम होता. हत्यार कोणी कोणाच्या हातात देत नसे. हातात दिले की भांडण होते, असे मालतीची सासू सांगून गेली होती. देणाऱ्याने जमिनीवर ठेवायचे आणि घेणाऱ्याने वाकून उचलायचे. "खाली ठेवा, मंग मी उचलतंय," हे मालतीचे बोलणे मी रोज ऐकले.

पुढे नव्या शहरासाठी सरकारने शेते घेतली. बुलडोझरने बांध फोडले आणि भाताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास लुचिया नावाची इटलीची बाई आमच्या खाडीकाठच्या गावांची माहिती घ्यायला आली. ती हिवाळाभर आमच्या माडीवर राहिली. मालती भाडे घेईना, म्हणून लुचिया मासळी निवडू लागली, पाणी भरू लागली. आमची बोलीही शिकली. जाताना म्हणाली, आमच्या गावाकडेही असेच चालते, शेतावर राबले की खोली आणि जेवण मिळते, तुम्ही या. मालतीला मूलबाळ नव्हते, आता शेतही नव्हते. पुन्हा एकदा मातीत हात घालायला मिळेल म्हणून ती हट्टाला पेटली. शेताच्या मोबदल्यातून तिकिटे काढून १९९५ च्या दिवाळीनंतर ती आणि गोटीराम इटलीला निघाले. मला जुन्या लुगड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातले.

तिथल्या पहिल्याच गावात मेंढ्या राखणारा कुत्रा गोटीरामच्या पोटरीला लटकला. मालतीने माझ्या बोथट पाठीचा तडाखा त्याच्या नाकावर दिला. मग जखम बांधताना ती हसून नवऱ्याला म्हणाली, "एवढे लांब येवून कुत्र्याला तुमीच गोड लागलाव."

तिथून आम्ही लुचियाच्या काकाकडे गेलो. त्याचे नाव निकोला. डोंगरउतारावर त्याची ऑलिव्हची झाडे होती. दुपारपर्यंत काम करायचे आणि बदल्यात तबेल्यावरची खोली व दोन वेळचे जेवण. झाडाखाली जाळी पसरून काठ्यांनी फांद्या झोडपायच्या. फळे गारांसारखी पडत. मी बुंध्याचे फुटवे छाटत असे.

निकोला तापट होता. आदल्याच आठवड्यात दोन मजुरांनी भांडून हत्यारे त्याच्या पायाशी फेकली होती आणि ते निघून गेले होते. हे आम्हाला ठाऊक नव्हते. एका सकाळी फांदी तोडायला त्याने हात पुढे करून मला मागितले. मालतीने घरच्या सवयीने मला त्याच्या पायाशी ठेवले.

त्याला वाटले, हीसुद्धा काम टाकून चालली. त्याने हातातली काठी मालतीच्या खांद्यात घातली. ती गुडघ्यावर पडली. काठी दुसऱ्यांदा वर गेली, तोवर गोटीरामने मला उचलले होते.

समोर निकोलाची मान होती. मित्रांनो, हत्याराला स्वतःहून थांबता येत नाही.

मालती उसळून उठली आणि तिने माझे पाते मुठीत धरले. तिचा तळवा हाडापर्यंत चिरला. ज्या हाताने मला तेल लावले, तोच हात मी कापला. रक्त गोटीरामच्या मनगटावरून ओघळले, पण तिने पाते सोडले नाही.

"खाली ठेवा," ती म्हणाली. "मंग मी उचलतंय."

खाली ठेवायचे तर वाकावे लागते. गोटीराम वाकला, आणि वाकता वाकता त्याचा हात सैल पडला. मालतीने मला डाव्या हाताने उचलले.

लुचिया धावत आली. तिने काकाला आमचा नियम समजावला. निकोलाने काठी टाकून दिली. मग त्याने स्वतःचा सदरा फाडून मालतीचा हात बांधला. दुसऱ्या दिवशी गोटीरामला करवत देताना त्याने ती जमिनीवर ठेवली आणि तो दोन पावले मागे सरला.

त्यानंतर मालतीच्या उजव्या हाताची दोन बोटे कधीच वळली नाहीत. घरी परतल्यावर ती डाव्या हाताने मासे कापी. मला तेल मात्र उजव्याच हाताने लावी.

१९९९ मध्ये रस्ता ओलांडताना एका भरधाव डंपरने तिला चिरडले. मी ट्रकच्या लोखंडाची, तो डंपरही त्याच जातीच्या लोखंडाचा. शेजारचा वामन धावत सांगायला आला, की ड्रायव्हरला लोकांनी नाक्यावर पकडून ठेवले आहे, मारून मारून अर्धमेले केले आहे. गोटीरामने मला खिळ्यावरून ओढले आणि तो दाराकडे निघाला. पुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक मान होती. आणि आता मधे हात घालणारी नव्हती.

उंबऱ्यापाशी तो थांबला. मग वाकला आणि त्याने मला खाली ठेवले.

तो तसाच उभा राहून वाट बघत होता. उचलायला कोणी आले नाही.

तो नाक्यावर गेला नाही. तेराव्यापर्यंत मी उंबऱ्याशी पडून होते. लोक मला ओलांडून ये-जा करत. शेवटी त्यानेच मला उचलून खिळ्याला लावले. तेव्हापासून मला तेल नाही.

मित्रांनो, घरातल्या हत्याराला तेल लावा, त्याची धार झाकून ठेवा. ते कोणाच्या हातात देऊ नका, खाली ठेवा. वाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा एखाद्याचा जीव वाचायला पुरतो. आणि तुमच्या घरात कोणी रागाने पेटलेला माणूस हत्यार खाली ठेवील, तेव्हा ते उचलायला त्याच्याजवळ असा.